राजधानी पडल्यानंतरचे दहा टर्न

संगणकावरच्या स्ट्रॅटेजी गेममध्ये वीस टर्नांचा, म्हणजे वीस पाळ्यांचा, वेढा संपतो, आपलं युनिट शत्रूच्या राजधानीत शिरतं आणि स्क्रीनच्या मधोमध चौकट उघडते: शहर राज्याला जोडायचं की पपेट, म्हणजे आपल्या अंमलाखालचं पण स्वतःचा कारभार करणारं बाहुलं, करून ठेवायचं? बहुतेक जण वाचतही नाहीत, दाबतात एक बटण, कारण डोकं पुढच्या शहराकडे धावत असतं. जिंकत आलेला डाव हातून निसटतो तो बरेचदा इथेच.

पुण्यात राहणाऱ्याला हे उदाहरणासकट ठाऊक असतं. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. पण दुसरा बाजीराव निसटला होता. तो इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला जून १८१८ मध्ये. म्हणजे राजधानी पडल्यावरही युद्ध सहा महिन्यांहून जास्त चाललं. दरम्यान इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराजांना आपल्या देखरेखीखाली बसवलं, १८३९ मध्ये त्यांना पदच्युत केलं आणि १८४८ मध्ये सातारा खालसा करून टाकला. आधी पपेट, मग खालसा. सिव्हिलायझेशन ५ खेळणाऱ्याने हा क्रम पाठ करावा, कारण त्या गेममध्ये तोच क्रम फायद्याचा आहे.

तर सिव्हिलायझेशन ५ पासूनच सुरुवात करू.

मूळ राजधानी जाळता येत नाही, हा पहिला नियम. डॉमिनेशन विजयासाठी सगळ्या मूळ राजधान्या ताब्यात लागतात, म्हणून गेम त्या नकाशावरून पुसू देत नाही. शहर पडताना लोकसंख्या निम्मी होते. सांस्कृतिक इमारती हमखास जातात, बाकीच्यांपैकीही काही पडतात. वंडर, म्हणजे जगातल्या आश्चर्यांसारख्या खास इमारती, मात्र शाबूत राहतात, आणि राजधानीची खरी किंमत बहुतेक वेळा त्यांच्यातच असते. त्यानंतर काही टर्न शहर धुमसत राहतं. लोकसंख्या जितकी जास्त तितका हा काळ लांबतो आणि तोवर शहर काही देत नाही.

आता हिशेब बघा. १२ लोकसंख्येची राजधानी घेतली, उरले ६. पपेट ठेवली तर नाराजी शहरामागे ३ आणि माणशी १, म्हणजे एकूण ९. लगेच राज्याला जोडली तर शहरामागे ५ आणि माणशी १.३४, म्हणजे १३ च्या वर. हा ४ चा फरक कोर्टहाउस (ही जास्तीची नाराजी मिटवणारी इमारत) उभं राहीपर्यंत सोसावा लागतो, आणि शहर धुमसत असताना तिथे कोर्टहाउस बांधायला घेताच येत नाही. म्हणजे पहिल्या टर्नला जोडून घेणारा काहीही पदरात न पडता जास्तीची नाराजी विकत घेतो. एक नवी चैनीची वस्तू साधारण ४ आनंद देते. नुसत्या घाईपायी एका रेशमाच्या मळ्याएवढं नुकसान.

म्हणून शहर पडलं की पपेट. धुमसणं थांबलं, तिजोरीत थोडी भर पडली, आनंदाचा आकडा अधिकमध्ये आला, की मग जोडून घ्यायचं आणि पहिल्या रांगेत कोर्टहाउस लावायचं. त्याची देखभाल दर टर्नला ४ सोनं खाते, तेही आधीच मोजून ठेवायचं. काही राजधान्या शेवटपर्यंत पपेटच बऱ्या. पपेट शहर पॉलिसीची (संस्कृतीच्या गुणांवर घ्यायच्या धोरणांची) किंमत वाढवत नाही आणि नॅशनल वंडरसाठी ‘सगळ्या शहरांत अमुक इमारत हवी’ या अटीतही धरलं जात नाही. चार शहरांवर संस्कृतीचा डाव रचलेल्याने पाचवी जोडली की तो डाव मागे पडलाच.

यापेक्षा मोठा घात होतो तो शहर हातोहात फिरण्यात. राजधानी घेतल्यावर तिची तटबंदी खिळखिळी असते. घोडेस्वाराने शहर घेतलं, बाकी फौज नकाशावर दोन घरं मागे, आणि शत्रूचे धनुर्धर अजून आजूबाजूला. पुढच्या टर्नला शहर परत त्याच्याकडे. आपण पुन्हा घेतो, तो पुन्हा घेतो. दर खेपेला लोकसंख्या निम्मी: १६ च्या ८, ८ च्या ४, ४ च्या २. दर खेपेला इमारतीही पडतात. शेवटी हातात येते ती नावापुरती राजधानी. उपाय साधा आहे, पण संयम लागतो. शहराच्या ताकदीची पट्टी शून्याजवळ आली तरी आत शिरायचं नाही. आधी आजूबाजूची धनुर्धर आणि तोफेची युनिटं मारायची आणि रस्त्यावर आपली दोन युनिटं आडवी लावायची. शेवटचा घाव घालणारं युनिट पूर्ण ताकदीचं हवं, कारण आत शिरल्यावर मार त्यालाच खायचा आहे.

राजधानी आधी घ्यावी की शेवटी? ब्रेव्ह न्यू वर्ल्ड या विस्तारात जगाची नाराजी शत्रूकडे किती शहरं उरली आहेत त्यावर ठरते. त्याच्याकडे दहा शहरं असताना एक घेतलं तर बाकीचे राजे फारसं मनावर घेत नाहीत. दोनच असताना एक घेतलं तर तुम्ही जगाच्या दृष्टीने राक्षस. शेवटचं शहर घेऊन राज्यच बुडवलं तर शिक्षा सर्वांत जड. तेव्हा मुत्सद्देगिरीच्या दृष्टीने राजधानी लवकर घ्यावी, तिच्या आसपासची एक-दोन शहरं घ्यावीत आणि थांबावं. बर्फाळ कोपऱ्यातलं तीन लोकसंख्येचं शेवटचं शहर त्याला लखलाभ होऊ द्या. विजयाला त्याची गरज नाही.

तिसऱ्या कुणाची राजधानी शत्रूने आधीच गिळलेली असेल आणि ती तुमच्या हाती आली, तर चौकटीत मुक्त करण्याचा पर्यायही दिसतो. तो पुष्कळदा डावलला जातो, आणि ते चुकीचं आहे. बुडालेलं राज्य त्याने पुन्हा उभं राहतं, उपकार लक्षात ठेवतं आणि जागतिक परिषदेत त्याचं मत तुमच्या बाजूने पडतं. अर्थात डॉमिनेशन खेळत असाल तर ती राजधानी तुम्हालाच लागणार, तिथे औदार्य परवडत नाही.

सिव्हिलायझेशन ६ मध्ये आनंदापेक्षा लॉयल्टीने घाम फुटतो. राइज अँड फॉल विस्तारापासून दर शहराला निष्ठेचा आकडा आहे, आणि तो शून्यावर आला की शहर स्वतंत्र होऊन बसतं. तुम्ही घेतलेली राजधानी अशी फुटली तर विजयाच्या मोजणीतूनही गेली. दाब येतो तो आसपासच्या माणसांमुळे: ९ घरांच्या आतला प्रत्येक नागरिक दाब टाकतो आणि दर घरामागे तो दहा टक्क्यांनी कमी होतो. आपला दाब वजा परका दाब, गुणिले १०, भागिले दोहोंतला लहान आकडा अधिक अर्धा. उत्तर अधिक-उणे २० च्या पलीकडे जात नाही.

आकडे घालून बघू. घेतलेल्या राजधानीत ८ माणसं उरली. तुमचं जवळचं शहर १० लोकसंख्येचं, ८ घरांवर, म्हणजे त्याचा दाब २. आपली बाजू १०. शत्रूची दोन शहरं ७-७ लोकसंख्येची, ४ घरांवर: प्रत्येकी ४.२, मिळून ८.४. निकाल तुमच्या बाजूने, शहर टिकतं. तीच राजधानी वेढ्यात आणि हातोहात फिरण्यात झिजून ४ वर आली असेल तर आपली बाजू ६. मग उणे २.४ गुणिले १०, भागिले ६.५, म्हणजे दर टर्नला जवळपास उणे ३.७. गव्हर्नर (शहरात नेमता येणारा अधिकारी) बसवला की अधिक ८, शहर वाचलं. पण तुमचं अंधारयुग (गेममधला राज्याचा पडता काळ) चालू असेल तर आपल्या नागरिकांचा दाब निम्मा होतो: ६ चे ३. मग उणे ५.४ गुणिले १०, भागिले ३.५, म्हणजे उणे १५.४. इथे गव्हर्नरही काही करू शकत नाही, कारण ८ मिळवूनही आकडा दर टर्नला सात-साडेसातने खाली जातो. व्यापलेपणाच्या आणि तक्रारींच्या वजावटी वर वेगळ्याच.

यातून दोन गोष्टी निघतात. अंधारयुग चालू असताना दूरच्या राजधानीवर चाल करू नये, युग बदलण्याची वाट पाहावी. आणि एकटी राजधानी घेऊन थांबू नये. आजूबाजूचं एक शहर लगेच पाठोपाठ घ्यावं, कारण शत्रूच्या दाबाचा एक स्रोत जातो आणि तोच आपल्याकडे वळतो. म्हणजे सिव्हिलायझेशन ५ च्या मुत्सद्देगिरीने जो क्रम सुचवला होता, तोच इथे भूगोल सुचवतो. फरक एवढाच की इथे दुसरं शहर घेणं ही चैन नाही, गरज आहे. चाल करण्याआधी एक गव्हर्नर मोकळा ठेवायला विसरू नका. सगळे गव्हर्नर घरच्या शहरांत रुतलेले आणि राजधानी हातात आलेली, ही नेहमीची फजिती.

आणखी एक गोष्ट राहून जाते. युद्ध चालू असेपर्यंत व्यापलेल्या शहराची वाढ थांबलेली असते. तहाच्या पडद्यावर ते शहर रीतसर तुमच्या नावे सोडण्याचं कलम टाकावं लागतं. ‘नुसती शांतता’ घेऊन बाहेर पडलात तर जिंकलेल्याची किंमत कागदावर उतरत नाही. शिवाय गॅदरिंग स्टॉर्म विस्तारात दुसऱ्याची मूळ राजधानी हातात असेपर्यंत दर टर्नला तुमची डिप्लोमॅटिक फेवर घटते. जागतिक परिषदेत मतं विकत घेऊन जिंकायचा बेत असेल तर राजधानी घेणं म्हणजे त्याच बेताला आपल्या हाताने भोक पाडणं.

आता या विषयातला सर्वांत रंगतदार भाग: यादवी.

सिव्हिलायझेशनच्या पहिल्या आवृत्तीपासून (१९९१) एक नियम होता: मोठ्या राज्याची राजधानी पडली की ते राज्य दोन तुकड्यांत फुटू शकतं. नंतरच्या आवृत्त्यांमधून तो गेला, पण फुकट मिळणाऱ्या फ्रीसिव्ह या गेममध्ये आजही जिवंत आहे, आणि तिथे त्याचं गणित उघड आहे. मुळात राज्य पुरेसं मोठं हवं. सर्व्हरची ठरलेली मर्यादा १० शहरांची आहे आणि ती बदलता येते. मग राज्यपद्धतीप्रमाणे शक्यता: अराजक ९० टक्के, हुकूमशाही ८०, राजेशाही ७०, फंडामेंटलिझम ६०, साम्यवाद ५०, प्रजासत्ताक ४०, लोकशाही ३०. दंगल चालू असलेल्या प्रत्येक शहरामागे ५ अधिक, उत्सव चालू असलेल्या प्रत्येक शहरामागे ५ उणे. हे मूळ आकडे. नियमसंच बदलला की तेही बदलतात, तेव्हा खेळ सुरू करताना मदतीचं पान बघून घ्यावं.

समजा शत्रूकडे १४ शहरं, राजेशाही, ३ शहरांत दंगल, एकात उत्सव. ७० अधिक १५ वजा ५, म्हणजे ८०. राजधानी पडताच पाचांत चार वेळा राज्य फुटणार. साधारण निम्मी शहरं नव्या राजाकडे जातात, तिजोरीही निम्मी वाटली जाते आणि नवा राजा जुन्याचं ज्ञान सोबत घेऊन येतो. जुन्या राज्याचं बांधकामात असलेलं अंतराळयान राजधानीबरोबर जातं. शेवटच्या टप्प्यात कुणी यानाच्या जोरावर जिंकत असेल तर राजधानीवरचा एक यशस्वी छापा सगळा खेळ उलटवतो.

इथे तयारीला वाव आहे, आणि तो वापरावा. राजधानीवर हल्ल्याच्या आधीचे काही टर्न शत्रूच्या शहरांचा व्यापार तोडा, म्हणजे असंतोष वाढून दंगली होतील. प्रत्येक दंगलीचे ५ टक्के तुमच्या पदरात. शत्रू नुकताच क्रांती करून अराजकात असेल तर तोच मुहूर्त. आणि शहरांच्या संख्येच्या काठावर राहू नका. आधी चार लहान शहरं घेऊन मग राजधानी घेणाऱ्याला नेमकं इथेच फसायला होतं: १२ वरून ८ वर आणलेलं राज्य फुटतच नाही, घट्ट राहून लढतं. राज्य मोठं असतानाच राजधानीवर जा.

फुटल्यावर मात्र हुरळून जायचं कारण नाही. जुन्या राजाशी केलेला करार नव्या राजाला बांधत नाही. आधी एका आघाडीवर लढत होतात, आता नकाशावर दोन रंग आहेत आणि त्यांतला एक तुमच्या व्यापारी शहराशेजारी उगवलेला असू शकतो. त्याच टर्नला नव्याशी बोलणी उघडा, जमलं तर तह करा आणि दोघांना एकमेकांत गुंतू द्या. सर्व्हरवर राजवाडा वाचवण्याची सोय चालू असेल, आणि ती ठरलेली असतेच, तर जुन्या राजाला दुसऱ्या शहरात फुकट राजवाडा मिळतो. ती बंद केली तर राजधानीविना राज्यात भ्रष्टाचार आणि नासाडी इतकी वाढते की दूरची शहरं निकामी होतात. घरगुती सामन्यात ही सोय चालू की बंद, हे आधी ठरवून घ्या. नंतर त्यावरून भांडणं होतात.

राजवाडा हलतो, राज्य टिकतं, ही कल्पना आपल्याला नवी नाही. १६८९ मध्ये रायगड पडला, पण त्याआधीच राजाराम महाराज निसटून जिंजीकडे निघाले होते. जिंजी पुढे १६९८ पर्यंत लढली, मग कारभार साताऱ्याहून चालला. रायगडावर येसूबाई आणि शाहू मोगलांच्या हाती सापडले, तरी युद्ध संपलं नाही. औरंगजेब १७०७ मध्ये मेला तेव्हाही ते चालूच होतं.

नेमका हाच मुद्दा क्रुसेडर किंग्ज ३ या गेममध्ये नियम बनून येतो. तिथे भिंतींपेक्षा माणूस महत्त्वाचा. किल्ला पडताना आत असलेली माणसं कैद होऊ शकतात, आणि शत्रूपक्षाचा युद्धनेता हाती लागला तर युद्धाचं पारडं एकदम १०० टक्के तुमच्याकडे झुकतं. राजा दुसरीकडे असेल तर राजधानी पडूनही युद्ध रेंगाळतं. म्हणून वेढा घालण्याआधी तो कुठे आहे ते बघा. तो स्वतः फौजेबरोबर असेल तर आधी फौज गाठा. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरची लढाई जिंकून पुणं घेतलं, पण बाजीराव वसईला पळाला आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून बसला. राजधानी एकाच्या हाती, राजा दुसऱ्याच्या. त्यातून तिसऱ्याचा फायदा कसा होतो, हे त्या एका वर्षात दिसतं.

युरोपा युनिव्हर्सालिस ४ मध्ये राजधानी ताब्यात येणं म्हणजे ती तुमची होणं नव्हे. वेढ्याने मिळतात ते युद्धगुण, प्रदेश मिळतो तो तहात. तिथे हाव नडते. शेजाऱ्यांच्या मनात तुमच्याबद्दल आक्रमकपणाचा राग ५० च्या पुढे गेला की ते युती करू शकतात. पचवायच्या प्रांतांचा भार १०० टक्क्यांवर गेला की घरात बंडं आणि वाईट घटनांची रांग लागते. म्हणून तहाच्या पडद्यावर दोन आकडे उघडे ठेवा आणि दोन्ही मर्यादेच्या आत राहील तेवढंच मागा. उरलेलं पुढच्या युद्धात. मागणी जितकी मोठी तितकी युद्धबंदी लांब, ५ ते १५ वर्षं. मिर्झाराजांनी पुरंदरच्या तहात १६६५ मध्ये ३५ पैकी २३ किल्ले घेतले, १२ महाराजांकडे राहू दिले. १६७० मध्ये महाराजांनी कोंढाण्यापासून परत घ्यायला सुरुवात केली. अर्धवट तहाचा धोका हाच: युद्धबंदी संपण्याच्या तारखेला तुमची फौज सरहद्दीवर उभी हवी, दुसऱ्या खंडात नको.

हार्ट्स ऑफ आयर्न ४ बद्दल थोडक्यात. तिथे शरणागतीच्या हिशेबात राजधानी म्हणजे विजयगुणांचा एक मोठा गठ्ठा, बाकी काही नाही. देश शरण येतो तो एकूण गुणांचा ठरावीक वाटा गेल्यावर. तो वाटा किती हे देशाच्या पडद्यावर दिसतं. राजधानी आणि तीन मोठी शहरं मिळून तो भरतो का, हे आधी मोजा. नो स्टेप बॅक विस्तारानंतर रसद राजधानीतून रेल्वेने पुढे सरकते, त्यामुळे राजधानी घेतल्याचा खरा फायदा शत्रूच्या आघाडीवरच्या डिव्हिजन उपाशी पडण्यात आहे. राजधानी दुसरीकडे हलली तरी रेल्वेचं जाळं नव्या जागेभोवती नीट बसायला वेळ लागतो. तेवढ्यात घेराव पुरा करायचा. नंतर बंदोबस्ताला घोडदळाचा स्वस्त साचा लावा, रणगाडे त्यात अडकवू नका.

राहिला शोगुन २. टोटल वॉर मालिकेतला हा २०११ चा गेम राजधानीच्या बाबतीत सर्वांत निष्ठुर. क्योतो, म्हणजे जुन्या जपानची राजधानी, घेतलं की सगळा मुलूख तुमच्याविरुद्ध उठतो. जुने मित्र, व्यापारी भागीदार, कुणी सुटत नाही. कीर्ती वाढत गेली तरी हे होतंच, पण क्योतो घेणं म्हणजे स्वतःहून घंटा वाजवणं. तेव्हा आधी समुद्री व्यापार कोलमडेल हे धरून तांदळाची शेती आणि कर यांच्यावर खर्च भागतो का ते पाहा. तीन पूर्ण फौजा वेगवेगळ्या सरहद्दींवर लावा. बंदरात एक आरमार ठेवा. आणि क्योतोवर चाल करणारी फौज चौथी असू द्या, त्या तिघींपैकी एकही उचलून नेऊ नका.